शोधनिबंधातील तक्ता कसा रचावा

शोधनिबंध हाती आलेला परीक्षक सारांश वाचून झाला की बहुधा थेट तक्त्यांकडे आणि आकृत्यांकडे वळतो, कारण लेखकाने काय मोजले आणि त्यातून खरोखर काय निघाले हे त्याला तिथे सर्वांत लवकर कळते. असे असूनही, पुण्यातल्या महाविद्यालयांत आणि संशोधनसंस्थांत पहिला शोधनिबंध लिहिणारे विद्यार्थी प्रस्तावनेवर कित्येक आठवडे खर्च करतात आणि तक्ते मात्र शेवटच्या दिवशी एक्सेलमधून उचलून जसेच्या तसे चिकटवतात. पुढील मार्गदर्शन अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. त्यातील जवळजवळ प्रत्येक सूचना एकाच प्रश्नातून निघते: वाचकाने या तक्त्यातील कोणत्या संख्येची तुलना कोणत्या संख्येशी करावी, असे आपल्याला वाटते?

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर तक्ता करण्याची वेळ अजून आलेली नाही. दोन-तीनच संख्या सांगायच्या असतील, तर त्या मजकुरातल्या वाक्यातच बसतात आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ता करणे हा वाचकाच्या वेळेचा अपव्यय आहे. काळानुसार होणारी वाढ, घट किंवा चढउतार यांचा आकार दाखवायचा असेल, तर आलेख अधिक बोलका ठरतो. नेमक्या किमती महत्त्वाच्या असतील, वाचक त्या पुढे स्वतःच्या गणितात वापरण्याची शक्यता असेल किंवा वेगवेगळ्या एककांतल्या अनेक राशी एकाच नमुन्याविषयी सांगायच्या असतील, तर मात्र तक्त्याला पर्याय नाही. तीच माहिती तक्त्यातही आणि आलेखातही देणे टाळावे. बहुतेक नियतकालिकांचे संपादक त्यांपैकी एक काढून टाकायला सांगतात.

आता रचनेकडे येऊ. समजा, मुठा आणि संगमापुढे मुळा-मुठा नदीच्या पाण्याची गुणवत्ता खडकवासल्यापासून बंडगार्डनपर्यंत पाच ठिकाणी तपासली आहे आणि प्रत्येक ठिकाणचा सामू, विरघळलेला ऑक्सिजन आणि जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, मोजली आहे. संगणकाला ठिकाणांची नावे लावायला सांगितली, तर तो अकारविल्ह्याप्रमाणे खडकवासला, बंडगार्डन, म्हात्रे पूल, विठ्ठलवाडी आणि संगम असा क्रम देईल. या क्रमात धरणाच्या पायथ्याचे पाणी आणि शहर ओलांडून गेलेले पाणी शेजारी-शेजारी येतात, बीओडीचे आकडे वर-खाली उड्या मारतात आणि वाचकाला त्यांत कोणताही अर्थ दिसत नाही. हीच पाच ठिकाणे नदीच्या प्रवाहाप्रमाणे, म्हणजे खडकवासला, विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, संगम आणि बंडगार्डन अशी लावली, तर शहरातून जाताना पाणी कुठे बिघडते हे रकान्यावरून नजर फिरवताच कळते. आकडे तेच असतात. केवळ ओळींच्या क्रमाने निष्कर्ष उघड होतो. म्हणून ओळींचा क्रम कधीही संगणकावर सोपवू नये. नदीसाठी प्रवाहाचा क्रम, औषधाच्या मात्रेसाठी चढता क्रम, पिकांच्या वाणांसाठी उत्पादनाचा उतरता क्रम, असा विषयातून येणारा क्रम निवडावा. अकारविल्हे क्रम फक्त अशा लांबलचक तक्त्याला शोभतो, ज्यात वाचक एखादे विशिष्ट नाव शोधण्यासाठीच येतो.

दुसरा निर्णय आडव्या-उभ्याचा. एकाखाली एक लिहिलेल्या संख्यांची तुलना डोळ्यांना सोपी जाते, कारण एकक, दशक आणि दशांश आपापल्या जागी येतात आणि फरक कोणत्या अंकात आहे हे न मोजता दिसते. शेजारी-शेजारी लिहिलेल्या संख्यांच्या बाबतीत प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे वाचून लक्षात ठेवावा लागतो. त्यामुळे ज्या गोष्टींची तुलना हा निबंधाचा गाभा आहे, त्या ओळींत याव्यात आणि मोजलेल्या राशी रकान्यांत जाव्यात. वरच्या उदाहरणात प्रश्न ठिकाणांमधल्या फरकाचा असेल, तर ठिकाणे ओळींत हवीत. परंतु पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात त्याच ठिकाणी काय बदलते हा खरा प्रश्न असेल, तर प्रत्येक ठिकाणाखाली दोन्ही ऋतू लागोपाठच्या ओळींत ठेवावेत, म्हणजे तुलनेचे दोन आकडे एकमेकांना लागून येतात. एकच माहिती दोन प्रकारे मांडून पाहायला अर्धा तास पुरतो, आणि तेवढा वेळ देणे मी प्रत्येक तक्त्यासाठी आवश्यक मानतो.

तुलनेचा मापदंडही तक्त्यातच असावा. सामूहिक स्नानासाठीच्या पाण्याच्या भारतीय निकषांनुसार बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, विरघळलेला ऑक्सिजन ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक आणि सामू ६.५ ते ८.५ असावा लागतो. हे आकडे शेवटच्या ओळीत, वर थोडी मोकळी जागा सोडून दिले, तर वाचकाला ते शोधण्यासाठी पाने उलटावी लागत नाहीत. मात्र बीओडीची चाचणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवसांची होती की २० अंशांना ५ दिवसांची, हे तळटीपेत लिहिलेच पाहिजे. भारतात पहिली पद्धत रूढ आहे, तर परदेशी वाचक दुसरी गृहीत धरतो.

यानंतरचा भाग अंकांचा, आणि माझ्या मते सर्वाधिक तक्ते इथेच बिघडतात. संगणकाने सरासरी १४.२३६७ आणि प्रमाण विचलन २.१८४३ असे दिले, म्हणून ते तसेच छापणे म्हणजे आपल्या उपकरणाला नसलेली अचूकता त्याच्या नावावर लावणे होय. विचलनच दोन एककांच्या पुढे असताना दशांशानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या अंकाला काहीही अर्थ उरत नाही. प्रमाण विचलन दोन सार्थक अंकांपर्यंत ठेवावे आणि सरासरी त्याच दशांशस्थळापर्यंत आणावी. म्हणजे तक्त्यातल्या त्या घरात (सेलमध्ये) १४.२ आणि २.२ असे येते. हे पूर्णांकन अगदी शेवटी, तक्ता भरताना करावे. आधीच पूर्णांकित केलेल्या संख्यांवर पुढचे गणित केले, तर चुका साचत जातात.

एका रकान्यात एकाच राशीच्या संख्या असाव्यात आणि त्यांची दशांशस्थळे सारखी असावीत. २.५०, २.४ आणि २.३७५ हे आकडे एकाच रकान्यात दिसले, की परीक्षकाला तीन वेगळ्या उपकरणांची शंका येते. एक्सेल शेवटचे शून्य आपणहून गाळते आणि २.५० चे २.५ करते, पण ते शून्य मोजलेले असेल तर ती माहिती आहे आणि ती परत आणण्यासाठी त्या घरांत दशांशस्थळांची संख्या स्वतः ठरवून द्यावी लागते. संख्या दशांशचिन्हावर जुळवाव्यात. मधोमध किंवा डावीकडे लावलेल्या संख्यांमध्ये ९.८ आणि १०२.४ यांतला दहापटीचा फरक डोळ्यांना जाणवत नाही. मजकुराचे रकाने डावीकडे लावावेत.

टक्केवारीलाही हाच न्याय लागू होतो. २३ रुग्णांपैकी ८ जणांना ताप होता, तर ३४.७८ टक्के असे लिहिण्यात फसवी अचूकता आहे. ‘८ (३५)’ असे लिहावे आणि शीर्षकात ‘संख्या (टक्के)’ असे स्पष्ट करावे. टक्केवारीचा पाया, म्हणजे एकूण किती जणांपैकी, हे रकान्याच्या डोक्यावर दिसलेच पाहिजे. काही रुग्णांची माहिती उपलब्ध नसल्याने एखाद्या ओळीचा पाया बदलत असेल, तर त्या ओळीत तो वेगळा द्यावा. टक्के रकान्याच्या बेरजेवर काढले आहेत की ओळीच्या, हा गोंधळ वैद्यकीय प्रबंधांत वारंवार दिसतो: ‘मधुमेह असलेल्यांपैकी किती पुरुष’ आणि ‘पुरुषांपैकी किती जणांना मधुमेह’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

एकके रकान्याच्या शीर्षकात एकदाच लिहावीत, प्रत्येक घरात नाही. मोठ्या संख्या आटोपशीर करण्यासाठी शीर्षकात ‘× १०³’ असे लिहिण्याची पद्धत आहे, परंतु ती धोकादायक आहे. घरातील ५.२ ला हजाराने गुणायचे, की तो आधीच हजाराने गुणून लिहिलेला आहे, यावर दोन वाचक दोन अर्थ लावतात आणि उत्तरात दहा लाखपटीचा फरक पडतो. त्याऐवजी ‘हजार पेशी प्रति मिलिलिटर’ असे शब्दांत लिहिले, तर संदिग्धता उरत नाही. आपल्याकडचा आणखी एक खड्डा स्वल्पविरामाचा आहे. १,२५,००० ही मांडणी मराठी वाचकाला स्वाभाविक वाटते, पण आंतरराष्ट्रीय नियतकालिकात १२५,००० अशी तीन-तीन अंकांची मांडणी किंवा स्वल्पविरामाऐवजी बारीक मोकळी जागा अपेक्षित असते, आणि लाख-कोटी हे शब्द तिथे चालत नाहीत. प्रबंध मराठीत असेल, तर भारतीय मांडणी खुशाल वापरावी. फक्त देवनागरी आणि आंतरराष्ट्रीय अंक एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

‘±’ या चिन्हाने जितका घोटाळा केला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने केला असेल. त्याच्यापुढची संख्या प्रमाण विचलन आहे, प्रमाण त्रुटी आहे की विश्वास-अंतराल (खरी किंमत ज्या मर्यादांत असावी असा अंदाज आहे तो पट्टा), हे चिन्ह स्वतः सांगत नाही. प्रमाण विचलन नमुन्यांमधली विविधता दाखवते. प्रमाण त्रुटी सरासरीचा अंदाज किती नेमका आहे हे दाखवते आणि नमुने वाढवले की ती आपोआप लहान होते. आकडा लहान दिसतो म्हणून प्रमाण त्रुटी निवडणे योग्य नाही. वाचकाला नमुन्यांचा विखुरलेपणा कळावा असे वाटत असेल, तर प्रमाण विचलन द्यावे. दोन सरासऱ्यांच्या फरकाविषयी बोलायचे असेल, तर त्या फरकाचे ९५ टक्के विश्वास-अंतराल द्यावे. दोन्ही बाबतींत ‘सरासरी (प्रमाण विचलन)’ अशी कंसातली मांडणी ‘±’ पेक्षा निःसंदिग्ध आहे, आणि नमुन्यांची संख्या सोबत नसेल तर यांपैकी कोणताही आकडा वाचता येत नाही. रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस यांसारखी, काही मोठ्या किमतींमुळे एका बाजूला झुकलेली माहिती असेल, तर सरासरीऐवजी मध्यक आणि चतुर्थक द्यावेत.

कृषी महाविद्यालयांतील संशोधकांसाठी इथे एक वेगळी सूचना करतो. आपल्याकडच्या कृषिसंशोधनाच्या तक्त्यांत खालच्या दोन ओळींत सरासरीची प्रमाण त्रुटी आणि ५ टक्के पातळीवरचा क्रांतिक फरक (दोन सरासऱ्यांतला फरक लक्षणीय ठरण्यासाठी तो किमान किती हवा), ज्याला सर्वजण ‘सीडी’ म्हणतात, देण्याची चांगली परंपरा आहे. ती सोडू नये, पण परदेशी नियतकालिकाकडे निबंध पाठवताना ‘सीडी’ म्हणजे काय आणि ती कोणत्या चाचणीतून आली हे तळटीपेत लिहावे. सरासरीला जोडलेली अक्षरे वापरत असाल, तर ‘एकाच रकान्यातील समान अक्षर असलेल्या सरासऱ्यांमध्ये ५ टक्के पातळीवर लक्षणीय फरक नाही’ हे वाक्य आणि चाचणीचे नाव आवश्यक आहे. त्या तक्त्यात तळटिपांसाठी पुन्हा अक्षरेच वापरू नयेत; तिथे तारा (*) किंवा कट्यार (†) ही चिन्हे घ्यावीत. अंकांचे तळटीप-क्रमांक तर कोणत्याही संख्यात्मक तक्त्यात टाळावेत, कारण १४ वर चढवलेला २ हा वर्ग वाटतो.

पी-मूल्याविषयी, म्हणजे खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याच्या संभाव्यतेविषयी, थोडक्यात: ०.०३२ असे नेमके मूल्य द्यावे, ‘०.०५ पेक्षा कमी’ एवढ्यावर थांबू नये, आणि संगणकाने ०.००० दाखवले तर ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहावे, कारण पी-मूल्य कधीही शून्य नसते. यादृच्छिक वाटप केलेल्या चाचणीत दोन गटांच्या सुरुवातीच्या स्थितीचा जो पहिला तक्ता असतो, त्यात पी-मूल्यांचा रकाना नसावा; अशा चाचण्यांच्या लेखनासाठीची ‘कन्सॉर्ट’ मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात, कारण वाटप खरोखर यादृच्छिक असेल तर तिथला कोणताही फरक योगायोगाचाच असतो आणि त्याची चाचणी घेण्यात अर्थ नसतो.

रिकामे घर हे तक्त्यातले सर्वांत बेजबाबदार घर आहे. मोजले आणि शून्य आले, मोजले पण उपकरणाच्या मापनमर्यादेखाली राहिले, मोजायचे होते पण नमुना खराब झाला, आणि मोजण्याचा प्रश्नच नव्हता, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. भूजलातील नायट्रेटच्या तक्त्यात मापनमर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम असेल, तर त्या नमुन्यापुढे शून्य न लिहिता ‘०.५ पेक्षा कमी’ असे लिहावे आणि सरासरी काढताना अशा नमुन्यांचे काय केले ते पद्धतीच्या विभागात सांगावे. इतर दोन परिस्थितींसाठी वेगवेगळी चिन्हे ठरवून त्यांचा अर्थ तळाशी द्यावा.

तक्ता निबंधातून कापून वेगळा काढला, तरी तो पूर्ण समजला पाहिजे, ही शीर्षकाची आणि तळटिपांची कसोटी आहे. ‘पावसाची माहिती’ हे शीर्षक नाही. काय मोजले, कुठे, कोणत्या काळात आणि किती नमुन्यांत, एवढे शीर्षकात यावे. निष्कर्ष मजकुरासाठी ठेवावा. शीर्षक तक्त्याच्या वर आणि तळटिपा खाली, हा संकेत जवळजवळ सर्वत्र पाळला जातो. संक्षेप मजकुरात उलगडला असला, तरी तक्त्याखाली पुन्हा उलगडावा. व्याख्याही तिथेच द्याव्यात. उदाहरणार्थ, शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या नोंदी वापरून पावसाळी दिवसांचा तक्ता केला, तर भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस हाच पावसाळी दिवस असतो आणि दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचा असतो, हे वाचकाला सांगावे लागते. ही तळटीप नसेल, तर मध्यरात्रीपासून मोजणाऱ्या दुसऱ्या संशोधकाचे आकडे आपल्याशी जुळणार नाहीत आणि का जुळत नाहीत हे त्याला कळणारही नाही.

रेषा कमी ठेवाव्यात. शीर्षओळीच्या वर एक, खाली एक आणि तक्त्याच्या शेवटी एक, अशा तीन आडव्या रेषा पुरतात. उभ्या रेषा, रंगीत पट्टे आणि प्रत्येक घराभोवतीची चौकट काढून टाकावी. गट वेगळे दाखवायचे असतील, तर मोकळी जागा ते काम अधिक चांगले करते.

वर्डमध्ये काम करताना तक्ता ‘इन्सर्ट टेबल’ वापरूनच करावा आणि प्रत्येक किंमत स्वतंत्र घरात ठेवावी. स्पेसबार दाबून जुळवलेले रकाने छपाईच्या मांडणीत हमखास विस्कटतात, आणि एकाच घरात एंटर दाबून एकाखाली एक लिहिलेल्या किमती चुकीच्या ओळीसमोर जाऊन बसतात. दशांशचिन्हावर संख्या जुळवण्यासाठी वर्डच्या पट्टीवर डेसिमल टॅब ठेवता येतो. लॅटेक वापरणाऱ्यांना रेषांसाठी ‘बुकटॅब्स’ आणि संख्यांच्या जुळवणीसाठी ‘एसआययुनिट्स’ ही पॅकेजे उपयोगी पडतात. तक्त्याचे चित्र करून चिकटवू नये, कारण संपादकाला ते दुरुस्त करता येत नाही आणि वाचकाला त्यातले आकडे उचलता येत नाहीत.

एक्सेलविषयीची खबरदारी जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विशेष घ्यावी. ‘सेप्ट-२’ किंवा ‘मार्च-१’ अशा जनुकांची रोमन लिपीतली संक्षिप्त नावे एक्सेल न विचारता तारखांमध्ये बदलते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या होत्या, आणि २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने अखेर ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. ही समस्या टाळण्यासाठी माहिती भरण्याआधी त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून घ्यावा.

तपासणी कागदावर छापून करावी. तक्त्यातील प्रत्येक बेरीज पुन्हा करावी, मजकुरात उल्लेखलेला प्रत्येक आकडा तक्त्यातल्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि तक्त्यांचे क्रमांक ते मजकुरात ज्या क्रमाने प्रथम येतात त्याच क्रमाने आहेत याची खात्री करावी. सहलेखकांच्या सूचनांनंतर नमुन्यांची संख्या ६० वरून ५८ झाली, तर ती सारांशात, पद्धतीत आणि प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर बदलली आहे का, हे विशेष काळजीने पाहावे. त्यानंतर फक्त तो तक्ता, निबंधाशिवाय, दुसऱ्या विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हाती द्यावा आणि त्यातून काय समजले ते त्याला सांगायला लावावे. त्याने सांगितलेली तुलना आपल्या मनातल्या तुलनेपेक्षा वेगळी निघाली, तर त्याला समजावत न बसता ओळी आणि रकाने पुन्हा मांडावेत.